पावसाचें अनुमान कोणत्या गमकावर उभें आहे?

दरवर्षीं उन्हाळ्यांत हवामान खात्याचें पावसाचें अनुमान प्रसिद्ध होतें आणि त्या आंकड्यावर नजर ठेवून आमचे वाचक बीं-बियाण्याची व कर्जाची तजवीज करितात. हा आंकडा कोणत्या खुणांवरून निघाला, व त्यांतील एखादी खूण चुकली तर तो किती हलेल, हें मात्र क्वचितच विचारलें जातें.

या खुणांस गमकें म्हणतात. इ. स. १८८६ सालीं ब्लॅनफर्डसाहेबांनीं हिमालयावरील बर्फ हें गमक धरिलें. पुढें वॉकरसाहेबांनीं दूरदूरच्या हवेच्या दाबांशीं आपल्या पावसाचा संबंध गणितानें जोडला. १९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांचें सोळा गमकांचें सूत्र वापरांत आलें. कित्येक वर्षें तें निभावलें. २००२ सालीं मात्र सरासरीच्या १०१ टक्के पावसाचें अनुमान असतां पडला ८१ टक्के. म्हणजे १७ सेंटिमीटरांहून अधिक तूट. ऐन जुलैंत पाऊस निम्म्यावर आला. पेरलेलें बीं ज्यांचें करपलें, त्यांस हा हिशेब निराळा समजावण्याची गरज नाहीं.

सूत्राचा भार कोणत्या गमकावर किती, हें पाहण्याची सोपी रीत अशी: एका गमकाच्या रकान्यांतील आंकडे वर्षांची अदलाबदल करून विस्कटावे, बाकीचे तसेच ठेवावे, व चूक किती वाढते तें पाहावें. फार वाढली तर भार त्या गमकावर होता. न वाढली तर तें नांवापुरतें होतें. ही परीक्षा सूत्र रचतांना न वापरलेल्या वर्षांवर घ्यावी. मोजक्या दशकांच्या आंकड्यांवर सोळा गमकें बसविलीं तर कांहींचा मेळ योगायोगानेंही बसतो. गमक थोडें हलवून पाहावयाचें असेल, तर तें आपल्या नेहमींच्या चढउताराइतकें हलवावें. पाण्याच्या उष्णतेचा एक अंश व दाबाचा एक मिलिबार यांची बरोबरी होत नाहीं.

येथें एक फसगत आहे. दोन गमकें एकाच घरच्या साक्षीदारांसारखीं असलीं, तर एकास बाजूस सारिलें तरी दुसरें तीच साक्ष देतें, व दोन्हीं निरुपयोगी वाटूं लागतात. अशीं गमकें जोडीनेंच विस्कटावीं.

शिवाय संबंध कायम राहत नाहींत. १९९७ सालीं प्रशांत महासागरांतील एल निनो अतिशय प्रबळ होता, तरी पाऊस सरासरीहून किंचित् अधिकच पडला. २००२ चा एल निनो त्याहून पुष्कळ सौम्य, तरी अवर्षण. म्हणून तीस-तीस वर्षांचे तुकडे पुढें सरकवीत प्रत्येक गमकाचा भार पुनःपुन्हां मोजावा लागतो. सोळांचें सूत्र २००३ सालीं बाजूस ठेवून कमी गमकांचीं नवीं सूत्रें घेतलीं गेलीं, तीं गमकांची अशीच फेरतपासणी करून. २००७ पासून अनेक सूत्रांचा मेळ घालून अनुमान काढूं लागले, आणि २०२१ पासून समुद्र व वातावरण यांचीं गणितें यंत्रावर चालवूनही तें काढतात.

एप्रिलच्या अनुमानापुढें ५ टक्के कमीअधिक असें छापलेलें असतें. कोणतें गमक काढिल्यास तो आंकडा किती बदलतो, हाही एक रकाना त्याशेजारीं असावा, अशी आमची मागणी आहे.