धूर कुठला, धूळ कुठली?

एप्रिल-मेच्या दुपारी वऱ्हाडातल्या धामणगाव रेल्वे गावाचे आभाळ मळकट दिसू लागते. शेताच्या धुऱ्यावर पेटवलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचा धूर म्हणावा, वखरलेल्या काळ्या रानाची धूळ म्हणावी, की शंभरेक किलोमीटरवरच्या मेळघाटात वणवा लागला म्हणावे? उन्हाळ्यात वारा बहुधा पश्चिम-वायव्येचा, आणि मेळघाटही त्याच अंगाला. पण नुसत्या वाऱ्यावरून मेळघाटावर आळ घेता येत नाही. वरून पाहावे लागते.

नासाच्या टेरा (१९९९) आणि ॲक्वा (२००२) या उपग्रहांवरचे मोडिस आणि सुओमी एनपीपीवरचे (२०११) व्हिअर्स ही उपकरणे आग शोधतात ती धुरावरून नव्हे, उष्णतेवरून. आठ-नऊशे अंशांची ज्वाला साधारण चार मायक्रॉन लांबीच्या अवरक्त लहरींत झळाळते, तर तापलेली जमीन अकरा मायक्रॉनच्या आसपास अधिक उजळ असते. दोन्ही मोजमापांची तुलना केली की आग वेगळी पडते. वऱ्हाडात मात्र पारा ४५ अंशांपुढे गेला की उघडी काळी जमीनही भलतीच तापते. म्हणून संगणक चित्रातला प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्यांशी ताडून पाहतो. शेजाऱ्यांहून फारच गरम असेल तरच त्याला आग म्हणतो.

मोडिसचा एक ठिपका एक किलोमीटरचा, व्हिअर्सचा ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टर. नकाशावर लाल चौकोन दिसला की अख्खे १४ हेक्टर जळाले, असे अनेकांना वाटते. तसे नसते. त्या चौकोनात कुठेतरी आग आहे, एवढेच तो सांगतो. पऱ्हाट्यांचा ढीग आणि सागाच्या वाळल्या पानांतून सरकणारा वणवा यांतला फरकही त्याला कळत नाही. तो माणसालाच जाऊन पाहावा लागतो.

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून अशा ठिपक्यांच्या सूचना राज्यांना देते. २०१७ पासून त्यांत व्हिअर्सची भर पडली. जंगलाच्या हद्दीबाहेरचे ठिपके गाळून उरलेल्यांचे अक्षांश-रेखांश संदेशाने वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर येतात. पुढचे काम अंगाऱ्यांचे, म्हणजे आग राखणाऱ्या मजुरांचे: ब्लोअरने पालापाचोळा हटवायचा, जाळरेषेवर, म्हणजे आधीच पाला जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, आग अडवायची. आणि आग लागते कशी? मोहफुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो. बहुतेक वणव्यांमागे असाच माणसाचा हात असतो. उपग्रहाच्या सूचनांनाही मर्यादा आहे: सुओमी एनपीपी दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारासच डोक्यावरून जातो. चार वाजता लागून दहाला विझलेली आग त्याच्या हिशेबात येतच नाही. आपले इन्सॅट-३डीआर आणि ३डीएस हे उपग्रह एकाच जागेवरून सतत पाहतात, पण उष्णतेचा त्यांचा ठिपका चार किलोमीटरचा. वारंवार पाहायचे की बारीक पाहायचे, ही ओढाताण काही सुटलेली नाही.

धुराचे प्रकरण आणखी निसरडे. त्याचे कण मायक्रॉनहून लहान, त्यामुळे तो निळसर दिसतो; धूळ भरड आणि पिवळट. निळ्याशार समुद्रावर दोन्ही उठून दिसतात, पानगळ झालेल्या तपकिरी सातपुड्यावर पातळ धूर सहज हरवतो. शिवाय चित्रातला धूर किती उंचीवर आहे हे फोटोवरून कळत नाही. तो तीन किलोमीटर वर असेल, तर खालच्या माणसाला त्याचा वासही येणार नाही.

धुळीचा महाराष्ट्रातला ठळक दाखला २३ जानेवारी २०२२ चा. आदल्या दिवशी पाकिस्तानच्या किनाऱ्याकडून उठलेले धुळीचे लोट अरबी समुद्र ओलांडून गुजरातमार्गे मुंबई-पुण्यावर आले. दिवसा अंधारल्यासारखे झाले, गाड्यांवर पांढरट थर बसला. उपग्रहांना हे लोट समुद्रावरच दिसले होते. वाळवंटी धूळ अकरा मायक्रॉनच्या लहरी बारा मायक्रॉनच्या लहरींपेक्षा अधिक शोषते. ढगांचे बहुधा उलट असते. या फरकाला कृत्रिम गुलाबी रंग देऊन मीटिओसॅट उपग्रहाची चित्रे तयार होतात, म्हणून रात्रीही धूळ ओळखता येते. धामणगावच्या वावरातली वावटळ मात्र उपग्रहांच्या लेखी नाहीच; ती फारच लहान.

हे सारे पाहायला पैसे लागत नाहीत. नासाच्या वर्ल्डव्ह्यू संकेतस्थळावर तारीख निवडून मेळघाटातल्या धारणी, चिखलदऱ्यावर यावे आणि आगीचे ठिपके चालू करावेत. मार्चपासून मेपर्यंतचे दिवस एकामागून एक पाहिले की वणव्यांचा हंगाम डोळ्यांपुढे सरकतो. प्रत्यक्ष जंगलात धूर दिसला, तर उपग्रहाची वाट न पाहता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.