पिकअप बंद केली, तरी आवाज येतोय? आधी मोबाईलवर रेकॉर्ड करा

आमची टर्बो डिझेल पिकअप मार्केटला कांदा टाकून रात्री घरी आली, की बंद केल्यावरही बॉनेटखालून टिकटिक यायची. मेकॅनिक म्हणाला, टर्बो गेला. खर्चाचा आकडा ऐकून बाबांची झोपच उडाली.

मी मोबाईलचा रेकॉर्डर सुरू करून फोन बॉनेटवर ठेवला. (नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर बारीक आवाज फोनच गाळून टाकतो.) २० मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकलं, तर टिकटिक हळूहळू विरळ होत गेली होती. एक्झॉस्टचे तापलेले भाग थंड होताना आकसतात, त्याचा हा आवाज. घाबरायचं कारण नाही. टर्बोचं चाक मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतं, पण इंजिन बंद झालं की थोड्याच वेळात थांबतं. मग १० मिनिटांनी येणारी टिकटिक त्याची कशी असेल?

पण त्याच रेकॉर्डिंगमध्ये मध्येच एक बारीक 'सुस्स' सापडलं. सकाळी टॉर्च मारून बघितलं, तर कूलंटच्या पाइपच्या क्लॅम्पजवळ ओल आणि वाळलेले डाग. तिथून थेंब गरम एक्झॉस्टवर पडत होते. हे मात्र अंगावर काढू नका. कूलंट कमी झालं की इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं. आणि गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण चुकूनही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

तासाभरानेही गुणगुण चालूच असेल, तर एखादा पंप किंवा फॅन बंद होत नाहीये का ते बघा. सकाळी बॅटरी उतरलेली असेल.

आमचा फक्त क्लॅम्प बदलला. टर्बो अजून तोच आहे.