रांजणावरचे नाव

परीक्षेचा शेवटचा पेपर संपला आणि दोन महिने मोकळे हाती आले, की विद्यार्थ्याच्या अंगात समाजसेवा संचारते. तीन वर्षांपूर्वी ती आम्हां पाचजणांच्या अंगात संचारली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शनिवारी बाजाराला येणाऱ्यांची रीघ लागते. येळ्ळूर, कडोली, काकतीकडून भाजीच्या पाट्या घेऊन आलेल्या बायका भर दुपारी तिथल्या पिंपळाखाली टेकतात. तिथे पाणपोई घालायची, असे ठरले.

पाचांतले दोघे कानडी घरचे. पाटीवर ‘पाणपोई’ आधी लिहायचे की ‘अरवट्टिगे’ आधी, या प्रश्नावर आम्ही दोन संध्याकाळी खर्च केल्या. बेळगावात राहणाऱ्या वाचकांस यात नवल वाटणार नाही. अखेर तोड निघाली : पाटीच नको. रांजणालाच रंग द्यायचा. एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कानडी आणि खाली पाचांची नावे. शंभर लिटरच्या कोऱ्या रांजणावर पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात चढले, त्यावर तांबडी अक्षरे उमटली. नारळ फुटला, पेढे वाटले गेले.

शनिवारी पहिली बाई आली. तिने पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि उरलेले पाणी मुकाट्याने आपल्या पोळलेल्या पायांवर ओतले. दुसऱ्याने तेच केले. आम्ही चाखून पाहिले, तर पाणी चक्क कोमट! सावली होती, रांजण नवा होता, तरी असे का व्हावे हे आम्हांला कळेना. आणि आमच्यातले तिघे विज्ञान शाखेचे.

उत्तर दिले ते मडकी विकायला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या आजींनी. रांजणावर हात फिरवून त्या म्हणाल्या, “अरे बाळा, ह्येला घाम यायला पायजे. तुम्ही ह्येची भोकंच बुजवून टाकलासा की!”

आजींच्या या एका वाक्यात पदार्थविज्ञानाचा एक अख्खा धडा आहे. भाजलेल्या मातीत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी हळूहळू बाहेर झिरपते आणि पृष्ठभागावर त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते रांजणातूनच उचलते. उन्हाळ्यातल्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनास सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे शंभर लिटरच्या रांजणातले केवळ एक लिटर पाणी वाफ होऊन गेले, तर उरलेले पाणी हिशेबाने जवळजवळ सहा अंशांनी निवते. प्रत्यक्षात बाहेरची उष्णताही सारखी आत येत राहते, म्हणून हा लाभ थोडा घटतो. पण झिरपणे चालू असेपर्यंत थंडावाही चालू राहतो. ऑइलपेंटने नेमके तेच बंद केले होते. आमची नावे जितकी ठसठशीत, तितके पाणी गरम!

याच नियमाने आणखी काही गोष्टी उलगडतात. हवा कोरडी असेल तर बाष्पीभवन जोरात होते. म्हणून मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी आपल्याकडचा रांजण जितका गार होतो, तितका पणजीच्या दमट हवेत होत नाही. आणि वळिवाचे ढग जमून हवा कोंदली, की आपल्याकडेही तो मंदावतो. रांजणाखाली ओली वाळू आणि भोवती ओले गोणपाट ठेवण्याची रीत याचसाठी. रांजण उघड्या वाऱ्याला हवा, पण सावलीत हवा. दोन-तीन उन्हाळ्यांत पाण्यातले क्षार छिद्रांत साचून रांजण ‘जुना होतो’. त्याला बाहेरून काथ्याने घासावे. साबण लावू नये, कारण तो मातीत मुरतो.

आम्ही दुसरा रांजण आणला, या खेपेस कोरा ठेवला. पाणी गार झाले आणि खरी अडचण तेव्हा सुरू झाली. गार पाण्याला माणसे येतात! बाजाराच्या दिवशी रांजण तीनदा भरावा लागे. तीनशे लिटर म्हणजे दोनशे मिलिलिटरचे दीड हजार पेले, आणि दहा लिटरच्या घागरीने नळापासून तीस खेपा. पहिल्या आठवड्यात खेपांसाठी पाचजण होते; तिसऱ्या आठवड्यात एक गावी गेला, एकाच्या घरी लग्न निघाले, एकाला क्रिकेटचा सामना होता. एका शनिवारी दुपारी मीही झोपून राहिलो. संध्याकाळी गेलो, तर झाकण उघडे, रांजण कोरडा ठणठणीत. जवळच्या पानपट्टीवाल्याने सांगितले, की एक बाई लेकराला घेऊन आली, आत वाकून पाहिले आणि तशीच उन्हात पुढे गेली. पाणपोई नसती तर तिने घरून बाटली भरून आणली असती. आमच्या भरवशावर ती रिकाम्या हाताने आली होती.

फुकट सेवेबद्दल मला जे शिकायचे होते ते त्या दिवशी शिकलो. विकत मिळणारी वस्तू संपली तर ग्राहक दुसऱ्या दुकानी जातो. फुकट मिळणारी संपली, तर ज्याला दुसरे दुकान परवडत नाही तोच अडतो. तेव्हा फुकटची सेवा अधिक काटेकोर हवी. स्वच्छतेलाही हेच लागू. रांजणात हात वा पेला बुडू नये. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तळाशी तोटी असावी. पाणी नळाचे, शुद्ध केलेले असावे. आठवड्यातून एकदा रांजण पूर्ण रिता करून, घासून, कोरडा करावा. कारण डेंग्यू पसरवणारा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

ही जबाबदारी जुन्यांनी ओळखली होती. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यांवरची झाडे, विहिरी यांबरोबर माणसांसाठी व जनावरांसाठी जागोजागी केलेल्या पाणपोयांचा उल्लेख केला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी, नहपानाचा जावई उषवदात याने तापी व इतर नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचे आणि दोन्ही तीरांवर ‘प्रपा’ घातल्याचे नमूद आहे. प्रपा म्हणजेच आपली पोई. आपल्याकडे वैशाख शुद्ध तृतीयेस मराठी घरांत अक्षय्यतृतीयेचे उदककुंभाचे दान होते, त्याच तिथीला बसवजयंती असते. तहान एकच, तिथीही एकच!

उन्हाळ्यात फुकट मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे व्याख्यान. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली आणि एप्रिल-मे महिन्यांत ती आजही भरते. तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय आपण वक्त्यांना देतो. पण रोज संध्याकाळी खुर्च्या मांडणारा, ध्वनिक्षेपक तपासणारा आणि श्रोते गेल्यावर दिवे मालवणारा कोणीतरी असल्यावाचून कोणतीही व्याख्यानमाला दुसरा उन्हाळा पाहत नाही.

आमची पाणपोई तिसरा उन्हाळा पाहते आहे. रांजण कोरा आहे. पिंपळाला एक लहानशी पाटी टांगली आहे. तिच्यावर शब्द नाहीत, घागर आणि पेला एवढेच चित्र आहे. दोन संध्याकाळींच्या भांडणाचा निकाल असा लागला. नावे मात्र आम्ही सोडलेली नाहीत. पानपट्टीच्या फळीला आतल्या बाजूने एक कागद चिकटवला आहे : वार, वेळ, भरणाऱ्याचे नाव आणि तो न आल्यास बदली कोण, त्याचे नाव. पहिल्या वर्षी त्यावर पाच नावे होती, यंदा अकरा आहेत. सहा मराठी अक्षरांत, पाच कानडी. शनिवार दुपारी बारा ते दोन या रकान्यात बदलीची जागा अजून रिकामी आहे. वाचकांपैकी कोणाला सोय असल्यास कागद तिथेच आहे. सोबत पेन आणावे. घागर आम्ही देऊ.