डायपरमधलं पाणी आणि डायपरमधली आग

कोरा डायपर कात्रीने उभा चिरला की आधी हाताला लागतं ते मऊ, कापडासारखं आवरण. हे कापड नव्हे, पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक. तळाचा पातळ पापुद्रा पॉलिथिनचा. मधे लाकडाच्या लगद्याचा कापूस, आणि तो झटकला की खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पांढरे, खरखरीत दाणे सांडतात. हे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं मिळून तीसेक ग्रॅम भरलं. चमचाभर दाणे पेल्यात घेऊन वर मिठाचं पाणी ओतलं, तर बघता बघता ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखे टपोरे झाले. पेला उपडा केला तरी थेंब पडेना. शुद्ध पाण्यात हे दाणे आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी ओढतात. लघवीत क्षार असल्यामुळे तिथे प्रमाण बरंच घटतं, तरी ते तीसेक पट राहतंच.

डायपरपासून ऊर्जा मिळवायची तर सगळा झगडा या धरून ठेवलेल्या पाण्याशी आहे.

प्लास्टिक आणि लगदा ही दोन्ही उत्तम जळणं. कोरड्या डायपरमध्ये किलोमागे साधारण 5,000 किलोकॅलरी उष्णता असते, म्हणजे आपल्या चुलीतल्या वाळक्या लाकडापेक्षा जास्तच. तीस ग्रॅमच्या झाल्या 150. आता रात्रभर बाळाला बांधलेला डायपर घ्या. त्यात 200 ग्रॅम पाणी असेल, तर ते तापवून त्याची वाफ करण्यातच सुमारे 120 किलोकॅलरी खर्च होतात. हातात उरल्या तीस, आणि त्या भट्टीतून वाया जाणारी उष्णता न मोजता. 2016 च्या घनकचरा नियमांत पुन्हा वापरात येऊ न शकणारा जो कचरा किलोमागे 1,500 किलोकॅलरी किंवा अधिक उष्णता देतो, तो जमिनीत गाडायचा नाही, ऊर्जेसाठीच वापरायचा, असं ठरलं होतं. वाळवलेला डायपर ही रेषा सहज ओलांडतो. ओला तिच्या जवळपासही जात नाही.

आपल्या शहराला कचऱ्याचा धडा नव्याने द्यायला नको. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, रस्त्यारस्त्यावर ढीग साचले. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथे प्रक्रिया केंद्रं आली, कांचनवाडीत ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करण्याचा प्रकल्प आला. पण डायपर ना धड ओल्यातला, ना सुक्यातला. ओल्यात गेला तर त्याचं प्लास्टिक कुजत नाही आणि यंत्रात अडकतं. सुक्यात उघडा गेला तर पुठ्ठा आणि कागद भिजवून त्यांचीही किंमत घालवतो.

घंटागाडीवर उभी असलेली बाई पिशवी उघडून डायपर हाताने बाजूला काढते. आमच्या दारात ती एकदा म्हणाली, "ताई, कागदात बांधून द्या हो. हात भरतात, मग डबा खावासा वाटत नाही." तिची मागणी कायद्यातही आहे. वापरलेला डायपर नीट गुंडाळून द्यायचा आणि त्यासाठी वेष्टन कंपनीने पुरवायचं, असं त्याच 2016 च्या नियमांनी सांगितलं होतं. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक महिलांनी तर 2013 मध्येच वापरलेल्या सॅनिटरी पॅडची पोती थेट कंपन्यांना परत पाठवली होती. पुढे त्यांनी पुडीवर लाल ठिपका काढून द्यायची मोहीम चालवली. ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही. याहून स्वस्त सुधारणा मला माहीत नाही.

जपानमध्ये तोत्तोरी प्रांतातल्या होकी या गावात वापरलेल्या डायपरपासून इंधन केलं जातं. म्हाताऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे तिथे मोठ्यांचे डायपर फार. ते बंद यंत्रात फाडतात, गरम करून जंतू मारतात, वाळवतात, दाबून त्यांच्या गोळ्या करतात आणि त्यावर गरम पाण्याच्या स्नानगृहाचा बॉयलर चालवतात. यात वाळवायलाही उष्णता लागतेच. तरी गाव ते करतं, कारण ओला डायपर भट्टीत ढकलला तर भट्टीच गार पडते.

मराठवाड्याच्या उन्हात आठ महिने काय वाळत नाही? पण विष्ठा असलेला डायपर उघड्यावर पसरणं म्हणजे माश्यांना आमंत्रण. वाळवणी बंदिस्तच हवी, भट्टीचं तापमानही पुरेसं हवं. सोसायटीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या छोट्या भट्टीत अर्धवट जळणारं प्लास्टिक विषारी धूर सोडतं आणि तो शेजारच्या पाळण्यापर्यंत जातो. अशा भट्ट्यांना मी ऊर्जानिर्मिती म्हणणार नाही. माझं मत असं, की महापालिकेने यंत्राची निविदा काढण्याआधी प्रत्येक घंटागाडीवर या पुड्यांसाठी झाकणाचा वेगळा डबा लावावा, तो रोज तोलावा आणि त्यातलं पाणी किती हे मोजावं. वाळवणीचं यंत्र केवढं घ्यायचं, ते त्या वजनावरूनच ठरेल.