कचरा गिळणारी गाडी

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मोठ्या रस्त्यांवर महापालिकेची झाडूची गाडी दुभाजकाच्या कडेने सावकाश जाताना दिसते. मागच्या मोटारी हॉर्न वाजवतात. पदपथावरचं तीन वर्षांचं मूल मात्र जागचं हलायला तयार नसतं. त्याला ओढून नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्या गाडीत बघण्यासारखं खरोखरच पुष्कळ आहे.

आधी खालचे गोल झाडू बघा. तारांचे किंवा जाड प्लास्टिकच्या काड्यांचे हे झाडू गाडीच्या बगलेला गरगर फिरतात. वाहनांच्या चाकांनी उडालेली माती रस्त्याच्या कडेला जाऊन साठते. झाडू ती गाडीखाली मध्यभागी ओढतात. शेजारच्या बारीक नळ्या पाणी फवारतात, कारण कोरडं झाडलं तर धूळ नुसती जागा बदलेल. मग येतं शोषणाचं तोंड. आतला मोठा पंखा हवा ओढतो आणि हवेबरोबर माती, पानं, खडे वर टाकीत जातात. टाकी ऐसपैस असल्याने तिथे हवेचा वेग एकदम मंदावतो, जड कचरा खाली बसतो, हवा बाहेर पडते. टाकी भरली की ती कलंडवून रिकामी करतात.

सगळ्याच गाड्या कचरा शोषून घेत नाहीत. काहींत आडवा झाडू कचरा सरकत्या पट्ट्यावर ढकलतो. ही युक्ती फार जुनी. स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवणारे इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840च्या दशकात मँचेस्टरसाठी घोड्याने ओढायची झाडूगाडी तयार केली. चाकं फिरली की साखळीवरचे झाडू फिरत आणि चिखल उतरणीवरून वर चढवून गाडीत टाकत.

मुलांना या गाड्यांची ओढ का, याचं उत्तर मला या रचनेतच दिसतं. साधी मोटार नुसती निघून जाते. झाडूगाडी, डंपर, जेसीबी, रोलर यांचं काम डोळ्यांसमोर घडतं आणि झालेलं काम मागे उरतं. शिवाय प्रत्येक भागाचा आकारच त्याचं काम सांगतो. बोलायला नुकतं शिकलेलं मूलही हे कार्यकारण थोडंफार पकडतं.

खेळण्यांच्या इतिहासातही याची साक्ष मिळते. लंडनच्या लेस्नी कंपनीतले जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती. ओडेल यांनी तिला पितळेचा इवलासा रोड रोलर करून दिला. वर्गातल्या इतर मुलांनाही तो हवासा झाला आणि 1953मध्ये ‘मॅचबॉक्स’ गाड्या बाजारात आल्या. त्या मालिकेतल्या पहिल्या तीन गाड्या होत्या रोलर, डंपर आणि काँक्रीट मिक्सर. ऐटबाज मोटारींचा नंबर नंतर लागला! त्याच 1953 साली इंग्लंडमध्येच जेसीबी कंपनीने पुढे फावडं आणि मागे खोदायचा हात असलेलं आपलं पहिलं यंत्र बनवलं. आज या कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ तळेगावला आहे.

मुलांना गाडी दाखवताना दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, अंतर. उंच केबिनमधल्या चालकाला अगदी जवळ किंवा मागे उभं असलेलं छोटं मूल दिसत नाही, म्हणून हात धरून पदपथावरूनच बघायचं. दुसरी, माणसं. गल्लीबोळांत आणि कडेला लावलेल्या मोटारींच्या आडोशाला हे यंत्र पोचत नाही. तिथे सफाई कामगारच हाताने झाडतात. त्यांचं काम गाडीइतक्याच कौतुकाने मुलांना दाखवावं, त्यांना नमस्कार करायला शिकवावं.

खेळणं घेताना दिवे आणि गाणी असलेल्या गाडीपेक्षा हाताने कलंडणारी, फिरणारी, उचलणारी गाडी घ्यावी. बाजारात डंपर, जेसीबी सहज मिळतात. झाडूगाडी नाही मिळाली तर घरीच करता येते: पुठ्ठ्याचं खोकं, बाटलीचं झाकण, त्यावर चिकटवलेले जुन्या टूथब्रशचे केस. फरशीवर खडूने रस्ता आखावा, कडेला चिमूटभर रवा भुरभुरावा आणि कचरा कुठून कुठे न्यायचा हे मुलावरच सोडावं.