विक्का : दीक्षेकडून पुस्तकाकडे

विक्का हा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आकाराला आलेला निसर्गपूजक पंथ. कोणाचेही अहित करू नये, हे त्याचे मुख्य तत्त्व. चेटूकविषयक जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी या पंथावर पुस्तक प्रसिद्ध केले. तरी जादूचे विधी दीक्षेनंतरच शिकवीत. शिष्य ते गुरूच्या वहीतून हाताने उतरवून घेई.

१९८८ मध्ये अमेरिकेत स्कॉट कनिंगहॅम यांनी एकट्या साधकासाठी पुस्तक लिहिले. वर्तुळ आखणे, ऋतूंचे आठ सण, सारे त्यात आले. गुरूची अट सुटली. पण चूक दाखविणाराही उरला नाही. पंथ प्राचीन असल्याचा गार्डनर यांचा दावा इतिहाससंशोधकांनी पुढे नाकारला. तेव्हा पुस्तकावरून विधी शिकता येतो. इतिहास मात्र पडताळूनच घ्यावा.