‘परवानाधारक’ इंटिरियर डिझायनर : एक अर्थविचार

‘परवानाधारक इंटिरियर डिझायनर’ हा शब्दप्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्याचा वाच्यार्थ भारतीय कायद्यात शोधू गेल्यास तो कोठेही सापडत नाही. भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावी एखाद्या सुताराच्या मुलास गृहसजावटीचा व्यवसाय पत्करावयाचा झाल्यास परवाना कोणत्या कचेरीत मिळतो, हे तो प्रथम विचारील. अशी कचेरीच नाही.

परवाना, नोंदणी व सदस्यत्व हे तीन शब्द एकाच अर्थाने योजले जातात, आणि घोटाळा तेथे होतो. परवाना नसल्यास कामच निषिद्ध ठरते. नोंदणीने पुष्कळदा केवळ नामाभिधान राखले जाते. वास्तुविशारदांसंबंधीचा 1972 चा केंद्रीय कायदा या दुसऱ्या प्रकारचा होय. त्याच्या 37 व्या कलमान्वये नोंदणी नसलेल्या व्यक्तीस ‘आर्किटेक्ट’ हे अभिधान लावता येत नाही. मात्र ही मनाई अभिधानापुरती आहे, त्या कामास नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला. म्हणजे कायदा येथे रक्षण करतो ते एका नामाचे! त्याच कलमात ‘लँडस्केप’ व ‘नेव्हल’ या विशेषणांनी युक्त अशा नामांना सूट आहे. ‘इंटिरियर’ला ती नाही. तेव्हा स्वतःस ‘इंटिरियर आर्किटेक्ट’ म्हणविणाऱ्या अनोंदणीकृत व्यक्तीने सावध असावे हे बरे. ‘इंटिरियर डिझायनर’ म्हणवून घेण्यास या कायद्याची आडकाठी नाही.

इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही संस्थाही 1972 सालचीच. तिच्या सदस्यत्वाने समव्यावसायिकांत मान मिळतो. काम करण्याचा अधिकार त्यावर अवलंबून नाही. पदविका अथवा पदवी ही शिक्षणाची साक्ष होय, आणि जाणता गिऱ्हाईक तीच प्रथम पाहतो.

अमेरिकेतील अलाबामा राज्याने 1982 साली या व्यवसायाचे नामाभिधान कायद्याने राखले. पुढे तेथे कामावरही निर्बंध आले; परंतु तो कायदा त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली घटनाबाह्य ठरविला. पडद्यांचा रंग निवडण्यास सरकारी अनुज्ञा कशासाठी, हा प्रश्न अगदीच गैर नव्हे.

परवान्याचा खरा अर्थ घरातील विजेच्या तारांपाशी कळतो. नवी वीजजोडणी अनुज्ञप्तिधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी लागते. डिझायनरने कितीही सुबक आराखडा काढलेला असो. भार पेलणारी भिंत काढून ओटी व माजघर एक करावयाचे, तर संरचना अभियंत्याचा सल्ला आणि स्थानिक प्राधिकरणाची मंजुरी आधी घ्यावी लागते.